कूलरवाल्या भाऊंचा ज्वालामुखी

सकाळी दुकानाशी आले की भाऊ कुलूप उघडायच्या आधी शटरला उलटा हात लावत. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आपण लावतो, तसा. क्षणभर डोळे बारीक करत आणि जाहीर करत, "अजून तापलं नाही." मग कुलूप उघडत. होळी होऊन गेलेली असे, खामगावातली बाकीची माणसं डोक्याला दुपट्टा बांधून भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागलेली असत, तरी भाऊंचं आपलं तेच. अजून तापलं नाही.

भाऊंचं कूलरचं दुकान होतं आणि माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. अख्खा बुलढाणा जिल्हा ज्या उन्हाच्या नावानं बोटं मोडतो, त्या उन्हाची वाट पाहत बसलेला हा माणूस मला रोज दिसायचा. थंडीभर ते पत्रा कापत, ठोकत, निळा रंग मारत आणि तयार कूलर एकावर एक रचून ठेवत. कूलर छताला टेकले की खुर्ची बाहेर टाकून आभाळाकडे पाहत बसत. एप्रिलमध्ये चुकून ढग आला तर न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसे त्याच्याकडे पाहत.

पण तुम्ही म्हणाल की धंदेवाईक माणूस, तर तसंही नव्हतं. ऊन वाढलं की त्यांना आनंद होई आणि आनंद झाला म्हणून लाजही वाटे. कोणी म्हटलं, "काय भाऊ, यंदा लय तापलं," की ते मयतीला आल्यासारखा चेहरा करून म्हणत, "हाव ना बाप्पा. लोकाईनं जगावं कसं." मी समोरून हसायचो. मग तेही मान खाली घालून हसायचे आणि पाना शोधायला लागायचे.

एक नियम मात्र कडक. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला आणि दुकानात झुंबड उडाली तरी आधी म्हातारी माणसं आणि बाळंतिणी. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस बंगल्यावरच्या कूलरसाठी गाडी घेऊन दारात उभा राहिला. भाऊंनी त्याच्यादेखत सामानाची पिशवी सायकलला अडकवली. "बाळंतिणीचं घर आधी, मंग मंत्री असो का संत्री," म्हणाले आणि पायडल मारून निघूनही गेले.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत होता. नातू झाल्यापासून भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनीही, तिकडेच. भाऊ एकदा आठवडाभर राहून आले होते आणि आल्यावर माझ्याकडे बसून एवढंच म्हणाले, "तिथं मानूस मानसाले इचारत नाही, काऊन बसला बे उन्हात म्हून." मुलगा दर फोनला मागे लागायचा. शेवटी बापलेकांत ठरलं की यंदाचा सीझन करायचा. माल उरला तर दुकान बंद करून पुण्याला यायचं, आणि सगळा खपला तर पुन्हा कोणी विषय काढायचा नाही. भाऊंनी कबूल केलं. त्यांना जायचं नव्हतं, आणि हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मलाच त्या सीझनची काळजी लागून राहिली.

त्याच जानेवारीत तिकडे दूर पॅसिफिक महासागरात पाण्याखालचा ज्वालामुखी फुटला. उपग्रहातून काढलेला व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला. समुद्रातून एक गोल ढग उठतो आणि पाहता पाहता पसरतो. भाऊ मोबाइल हातात धरून धावतच रस्ता ओलांडून आले.

"हे पाह्यलं का? समुद्रात डोंगर फुटला. आग निंघून राह्यली."

"हो, पाहिलं."

"मंग एवढी आग निंघाली म्हनल्यावर गरमी वाढनच ना?"

मला काय माहीत? मी म्हटलं, वाढत असेल. भाऊंनी त्याच पावली जाऊन कचोऱ्या आणल्या आणि गल्लीत वाटल्या. माझ्या हातात कचोरी ठेवताना मात्र आवाज खाली आणून म्हणाले, "तिथली मानसं वाचली पाह्यजेत पन." दुसऱ्याच दिवशी पत्र्याची आणि गवताची जादा ऑर्डर गेली. गवत म्हणजे कूलरच्या जाळीत भरतात ते. त्यावर पाणी पडतं आणि त्यातून गार हवा येते. इकडच्या खारट बोअरच्या पाण्यानं ते वर्षभरात दगडासारखं होतं आणि दर उन्हाळ्याआधी बदलावं लागतं. भाऊंचा अर्धा धंदा या गवताचा.

त्यांच्या आनंदावर पाणी टाकलं ते भूगोलाच्या सरांनी. सर कॉलेजात शिकवत आणि प्रश्नपत्रिका माझ्याकडे झेरॉक्सला आणत. भाऊंनी त्यांनाही कचोरी दिली आणि ज्वालामुखीची बातमी सांगितली. सर कचोरी खात खात म्हणाले, "उलट आहे भाऊ. मोठा ज्वालामुखी फुटला की गंधकाचा वायू फार उंच जातो. तिथं त्याचा पातळ पडदा तयार होतो, ऊन थोडं अडतं. दोनशे वर्षांपूर्वी इंडोनेशियात असाच एक डोंगर फुटला होता, तर पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. आता यानं किती फरक पडेल ते सांगता येत नाही. पडला तर थोडा गारवा येऊ शकतो, एवढंच."

सर ‘येऊ शकतो’ म्हणाले, भाऊंनी ‘येणार’ ऐकलं. ‘उन्हाळाच आला नाही’ हे तीन शब्द त्यांच्या डोक्यात जे बसले ते बसले. हातातली कचोरी त्यांनी तशीच कागदात गुंडाळली.

आता पुढचं ऐका, कारण इथं भाऊ तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळे निघाले. आपण काय केलं असतं? गप्प बसून लवकर लवकर माल खपवला असता. भाऊ गिऱ्हाईक परत पाठवायला लागले. कोणी नवा कूलर बघायला आलं की म्हणत, "थांबा बाप्पा, यंदा उन्हाळा नाही म्हनतात. कायले घेता?" मी अक्षरशः कपाळावर हात मारून घेतला. "अहो, माल उरला तर पुण्याला जावं लागेल तुम्हाला!" तर म्हणाले, "माहीत हाये. पन खोटं सांगून इकू का?"

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहायच्या. मुलगा अकोल्याला, घराची एक किल्ली माझ्याकडे. दर शिमग्याला त्या काठी टेकत येत आणि भाऊंना गवत बदलायची आठवण करत. त्या वर्षीही आल्या. माझ्या दुकानासमोरच दोघांचं बोलणं झालं.

"कवा येतं रे बापू गवत बदलाले?"

"राहू द्या मावशी. यंदा गरज नाही पडत."

"काऊन?"

"तिकडं समुद्रात डोंगर फुटला. ऊन कमी राहीन म्हनतात."

"बरं झालं मा," आजी म्हणाल्या. "डोंगराले का होईना, दया आली आमची." आणि काठी टेकत परत गेल्या.

मग एप्रिल लागला आणि असं तापलं, असं तापलं की विचारू नका. डांबर चपलेला चिकटायला लागलं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. खिशात कांदा ठेवून माणसं बाहेर पडायची. ज्यांना भाऊंनी परत पाठवलं होतं ते सगळे एकदम दुकानावर तुटून पडले. कोणी रागावलं, कोणी टोमणे मारले, "काय भाऊ, कुठं गेला तुमचा डोंगर?" भाऊंना उत्तर द्यायला सवड नव्हती. दोन्ही हातांनी काम चाललेलं, शर्टाला गवताचे तुकडे चिकटलेले. पण छताला टेकलेले कूलर एकेक करून खाली येत होते आणि मला मनातून फार बरं वाटत होतं.

सर पुन्हा आले तेव्हा नवीनच सांगू लागले. हा ज्वालामुखी पाण्याखालचा, त्यानं गंधक कमी आणि वाफ जास्त उडवली. वाफ उष्णता धरून ठेवते, म्हणजे गारवा सोडाच, किंचित उष्णतासुद्धा वाढू शकते. शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. भाऊ घाम पुसत म्हणाले, "सर, तुम्ही आन् तो डोंगर मिळून एक काय ते ठरवा." सगळे हसले. भाऊंना त्या सीझनमध्ये हसताना मी तेव्हा शेवटचं पाहिलं.

कारण त्या गर्दीत आजी पुन्हा आल्या नाहीत. एकदा विचारून झालं होतं आणि गरज नाही हे उत्तर मिळालं होतं. नवतप्यात एका दुपारी शेजारणीनं हाक मारली, आतून ओ आली नाही. किल्ली घेऊन मी गेलो, माझ्यामागे भाऊ. आजी खाटेवर पडल्या होत्या, अंग भाजत होतं. कूलर चालू होता. गवताचा पार दगड झालेला, आणि त्यातून भट्टीसारखी हवा येत होती. भाऊंनी आजींना हात लावायच्या आधी त्या गवताला हात लावला, हे मी पाहिलं.

दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. आजी वाचल्या नाहीत. मुलगा आला, रडला, वय झालं होतं म्हणाला. भाऊंना कोणी एका शब्दानं बोललं नाही. बोलणार तरी काय, शिमग्याचं ते बोलणं माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. सरांना मी सांगितलं तेव्हा ते मुद्दाम भाऊंना भेटायला आले आणि समजावत बसले. "भाऊ, इथलं ऊन आणि तो ज्वालामुखी यांचा संबंध जगात कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्ही स्वतःला का त्रास करून घेता?"

"डोंगराचं कुठं म्हनून राह्यलो मी, सर," भाऊ म्हणाले. "मी माह्या तोंडाचं म्हनून राह्यलो."

खरं सांगतो, त्या माणसाला मिठी मारावी असं वाटलं, पण आपल्याकडे दुकानात बसून कोणी कोणाला मिठी मारत नाही. मी दोन चहा मागवले.

सीझन संपला तेव्हा दुकानात एकही कूलर उरला नव्हता. पैज भाऊंनी जिंकली होती. मुलानं फोनवर तसं कबूलही केलं. भाऊंनी त्याला सांगितलं, "येतो मी तिकडं. पानी पडून जाऊ दे." मी कितीदा विचारलं, का जाता? ते विषय बदलत.

आषाढात पावसाची झड लागली होती, आणि भाऊ घरोघर जाऊन गवत बदलत होते. भर पावसात, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्या प्रत्येक घरी. लोक म्हणत, अहो, अजून आठ-नऊ महिने आहेत. भाऊ म्हणत, "पावसात भरलं तं काय नासून राह्यलं?" लोकांना वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. एक दिवस माझ्याकडे येऊन आजींच्या घराची किल्ली मागितली. तासाभरानं परत आणून दिली तेव्हा हात ओले होते आणि शर्टाला गवत चिकटलेलं होतं.

"तिथं कोण राहतं आता, भाऊ?"

"घर हाये म्हनल्यावर कोनी येईनच," ते म्हणाले. पोळ्याच्या आधी ते पुण्याला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात आजींच्या घरी भाडेकरू आले. नवरा-बायको दोघंही शिक्षक, आणि मांडीवर लहान मुलगी. बाई झेरॉक्सला आल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, त्या घरातला कूलर एवढा जुना, पण हवा काय गार देतो हो. पोरगी पहिल्यांदा दुपारभर झोपली."

मी तिथूनच भाऊंना फोन लावला आणि सांगितलं.

"केवढी हाये पोरगी?" त्यांनी विचारलं.

"असेल सहा-सात महिन्यांची."

"मंग कूलर खाटेपासून जरा दूर सरकवा म्हना," भाऊ म्हणाले. "एवढ्या लहान लेकराले सर्दी होते."