न दिसलेल्या जनावरांची खोली

रस्त्याकडची खोली ही आमच्या घरातली सगळ्यात हवेशीर खोली. सकाळचं ऊन तिथे, वारा तिथे. मी मात्र तिथे कधी झोपले नाही, कारण तिथे जनावरं राहतात.

आमचे हे वालचंदनगरला कारखान्यात नोकरीला असताना ओतकामासाठी लाकडी साचे करायचे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही बारामतीजवळ घर बांधलं, पण ह्यांचे हात स्वस्थ बसेनात. कन्हेरी असो की वडगाव, कुणाला उसात काही वेगळं दिसलं असं कानावर आलं की हे स्कूटर काढायचे. पाहणाऱ्याला खोदून खोदून विचारायचे आणि घरी येऊन ते जनावर लाकडात कोरायचे. माणसाने जेवढं पाहिलं तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही, असा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्याकडे एकही जनावर धड पूर्ण नाही. एकाचे नुसते मागचे पाय आणि शेपूट. एका फळीवर ट्रॅक्टरच्या उजेडात चमकलेले दोन डोळे. एक केसाळ पाठ आहे, ती कशाची ते देवालाच ठाऊक.

दारावर पाटी लावली, ‘अनोळखी जनावरांचं संग्रहालय’. आमच्या भागात जनावर म्हणजे गाय नाहीतर म्हैस. एक म्हातारे शेतकरी आजारी गाय पिकअपमध्ये घालून दारात हजर झाले.

“आबा, ह्यो दवाखाना न्हाय,” मी म्हटलं.

“मग जनावरांचं काय करता हितं?”

“ठेवतो नुसती. लाकडाची हायत.”

“बरं हाय की. वैरण लागत न्हाय,” असं म्हणून ते गाय घेऊन निघून गेले. तेवढंच काय ते हसले मी त्या पाटीवर.

पुढे ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गावं, मग घरातली मोरी कुठे आहे तेसुद्धा. त्या खोलीत गेले की मात्र गडी ताजातवाना. कोणतं जनावर कुणी पाहिलं, कोणत्या बांधावर पाहिलं, सगळं तोंडपाठ. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू हलवू नका. त्यांना सांगायला काय जातं? एकदा संग्रहालय बघायला आलेल्या लोकांच्या मागोमाग हे बाहेर पडले आणि उसात शिरले. अख्खी वस्ती शोधत होती. सापडले तेव्हा पायात चप्पल नव्हती आणि हसत होते. त्या दिवशी मी ठरवलं की खोली रिकामी करायची, दोघांच्या खाटा तिथे टाकायच्या आणि रस्त्याकडच्या दाराला कुलूप लावायचं. ह्यांचं शहाणपण त्या लाकडांपाशी उरलंय हे मला कळत होतं. पण माणूसच हरवला तर शहाणपण घेऊन काय करू? मी थकले होते. इंदापूरच्या एका शाळेला ही लाकडी जनावरं हवी होती, टेम्पो सांगून ठेवला.

आदल्या दुपारी मी जुनी लुगडी घेऊन बांधाबांध करायला खोलीत गेले. हे स्टुलावर बसले होते, मला बघून उठले.

“या बाई, या. चपला बाहेर काढा तेवढ्या. तुमी लांबनं आला?”

सगळा संसार ‘अगं ए’वर झाला माझा. त्या दिवशी पहिल्यांदा ‘तुमी’ मिळालं.

“व्हय, लांबनंच,” मी म्हटलं.

त्यांनी मला सगळी जनावरं दाखवली, एकेक, न चुकता. मी ही खोली रोज झाडते, पण ती अशी नीट कधी पाहिलीच नव्हती. मग म्हणाले, “बसा, चहा घेऊन जावा. आमची मंडळी करंल.” आणि दारात जाऊन हाक मारली, “अगं ए, पाव्हणं आल्यात!”

आत डोकावून पाहिलं. ओशाळे होऊन परत आले.

“हितंच असती ती. भांडी वाजल्याली ऐकू येत्यात, पन अलीकडं दिसत न्हाय.” मग जरा जवळ येऊन, हळूच, “तुमाला कुठं दिसली तर सांगा तिला. मी हितंच हाय म्हणावं.”

“सांगते,” मी म्हटलं.

लुगडी तिथेच टाकून मी स्वयंपाकघरात गेले, टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला आणि चहा उकळेपर्यंत रडून घेतलं.