चौदाव्या दिवसाची रांगोळी

रविवार, १८ नोव्हेंबर २००७. तारीख पक्की आठवते, कारण नंतर ती एका फोटोखाली पाहिली. सकाळचे साडेसहा. इथे तमिळ मुलखात, अण्णा नगरच्या आमच्या घरात मी दिवाळीचे डबे घासत बसले होते. फराळाचे झाले होते, रांगोळीचा तेवढा राहिला होता. त्यात अजून अर्धा डबा पांढरी पूड होती, आणि गुलाबी, पिवळ्या रंगाच्या पुड्या.

तेवढ्यात बहिणीचा मुलगा आला. सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावरची माणसं टिपत हिंडायचा. बरोबर त्याच्यासारखेच चौघे, सगळे आपल्याकडचे, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. मी चहा टाकला. तो मला समजावत होता, "मावशी, स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे काही मांडायचं नाही, हलवायचं नाही. जे आहे ते घ्यायचं."

पाऊण तासात त्यांच्यातली नागपूरची मुलगी परत आली. समोरच्या गल्लीतल्या इस्त्रीवालीच्या दाराशी फ्रेम छान आहे म्हणाली. निळं दार, गाडीवर कपड्यांचा ढीग, कोळशाचा धूर. फक्त उंबऱ्यापुढे अगदी मोकळं आहे. "सगळ्या गल्लीत रांगोळ्या आहेत, हिच्याकडेच नाही. तुमचा डबा देता?"

मग तिला शहाणपण सुचलं. "तिच्याकडे सुतक वगैरे नाही ना, मावशी?"

सुतक होतं. इस्त्रीवालीची सासू दिवाळीच्या चार दिवस आधी गेली होती. अकरा वर्षं माझ्या साड्या तिच्याकडे जात होत्या, मला ठाऊक होतं. मी साबणाच्या हातानं बोटं मोजली. आज चौदावा दिवस. आपल्याकडे तेराव्याला गोड जेवण होतं आणि दार मोकळं होतं. "तेरावा झाला काल," मी म्हटलं, "घेऊन जा."

एवढं बोलून मी पुन्हा डबे घासायला लागले.

सोमवारी संध्याकाळी बँकेतून येताना साड्या घ्यायला गेले. इस्त्रीवाली मान वर करीना. एरवी मला लांबूनच 'बँकम्मा' म्हणून हाक मारणारी बाई. उंबऱ्यापुढच्या सिमेंटवर गुलाबी डाग होता. ओल्या फरशीत रंग मुरला होता, धुऊन गेला नव्हता.

"काय झालं, अक्का?"

तिनं इस्त्री खाली ठेवली. तमिळमध्ये, शब्द मोजून बोलली, मला कळावं म्हणून. मेलेल्या घरी सोळाव्या दिवसापर्यंत कोलम, म्हणजे त्यांची दारापुढची रांगोळी, काढत नाहीत. दारापुढे काही नसणं हेच दुःख. रविवारी ती आत कोळसे पेटवत होती. इस्त्री घेऊन बाहेर आली तर दारात हे एवढं रंगीत फूल, आणि पाच कॅमेरे तोंडावर. समोरच्या घरात तिची नणंद राहते. तिनं दार उघडलं आणि ते पाहिलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी आई मेली म्हणून हिच्या दारात दिवाळी."

"उद्या सोळावा आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "ती येणार नाही म्हणते. मेलेल्या बाईची मुलगीच आली नाही तर मी खरंच नाचले असं होईल. तिला मी सांगून सांगून थकले. कोण विश्वास ठेवणार? परकी माणसं येऊन माझ्या दारात कोलम कशाला काढतील?"

मी साड्या तिथेच ठेवल्या, घरी आले आणि भाच्याला फोन करून बोलावून घेतलं.

त्यानं लॅपटॉप उघडला. फोटो खरंच देखणा होता, म्हणून जास्तच संताप आला. धूर, निळं दार, पायाशी गुलाबी कमळ, आणि त्यावर थिजलेला तिचा चेहरा. खाली नाव दिलं होतं 'फेस्टिव्ह मॉर्निंग' आणि तारीख. त्याखाली लोकांच्या वाहवा. काय एक्स्प्रेशन पकडलंय!

"मांडायचं नाही म्हणाला होतास ना रे?"

"एवढंसं केलं, मावशी. सगळेच करतात. आणि रस्ता पब्लिक असतो, परवानगी लागत नाही."

"उंबरा पब्लिक असतो?"

मी विचारलं, किती फोटो काढलेत तिचे? पाच जणांचे मिळून दोनशेच्या वर असतील म्हणाला. दोनशे वेळा तिच्याकडे बघून एकालाही कळलं नाही, की ही बाई हादरली आहे. बटण दाबायचं आणि लगेच मान खाली घालून मागच्या पडद्यात बघायचं. समोर माणूस उभं आहे, त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला? तिच्याशी बोलायचं तर तमिळ येत नाही, आणि शिकायचंही नाही. कॅमेऱ्याचं पुस्तक मात्र पाठ.

"काढ तो फोटो."

कुरकुरत काढला. पण तोवर दोघातिघांनी आपापल्या पानावर चिकटवला होता, तो आपल्या हातात नाही म्हणाला. "उद्या सकाळी सहाला माझ्याबरोबर चल, त्या नणंदेला सांगायला."

"उद्या क्लायंटचा कॉल आहे, मावशी. आणि चूक तर... दिवस तुम्हीच मोजलेत ना?"

ते खरं होतं. म्हणून त्याला आणखी काही न बोलता दार दाखवलं. या शहरात चौदा वर्षं काढली, रोज सकाळी दोन्ही बाजूंचे कोलम ओलांडत बस गाठली, आणि एखादं दार मोकळं का असतं हे कधी कुणाला विचारलं नाही. वर आपल्या गावचा हिशेब दुसऱ्याच्या मयताला लावला.

मंगळवारी सहाला मी बादली, धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश घेऊन गल्लीत गेले. बायका हातपंपावर रांगेत होत्या, ते बरंच होतं. नणंद आपल्या दारात उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन माझ्या मोडक्या तमिळमध्ये मोठ्यानं सांगितलं. रंग माझा. डबा माझा. मुलं माझी. आमच्यात तेरा दिवस असतात, म्हणून मी हो म्हटलं. तुझ्या भावजयीला काही माहीत नव्हतं, ती आत होती.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बँकेत दिवसभर मोजता ना? सोळापर्यंत येत नाही?"

पंपावर दोघी हसल्या. साडी खोचली, इस्त्रीवालीच्या उंबऱ्याशी बसले आणि डागावर सोडा टाकून घासायला लागले. इस्त्रीवाली "नको, नको" म्हणत बाहेर आली, तिला मी आत पाठवलं. रंग चिवट होता. दोन बादल्या पाणी ओतल्यावर फिका झाला, गेला नाही. तिसरी बादली भरायला उठले तेव्हा नणंद रस्ता ओलांडून आली, ओल्या सिमेंटवरून पाय जपत टाकत, माझ्याकडे न बघता भावजयीच्या घरात गेली.

मी तिसरी बादली ओतली, ब्रश झटकला आणि बँकेत जाण्यासाठी एग्मोरची बस पकडायला निघाले.