आप्पांनी बांधलेली माझी फांदी

माझ्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही.

आज वर्ष झालं. तेव्हा लिहायची हिंमत नव्हती.

आप्पा खासबागेतले विणकर. आई गेली, मी नोकरीसाठी बेंगळुरूला. घरात उरले आप्पा, बंद पडलेला माग आणि परसातलं तुतीचं झुडूप.

आणि बुलबुल! तुती लाल झाली की हजर. काळी होईपर्यंत दम नाही.

मी शहाणी. ऑनलाइन नायलॉनची जाळी पाठवली. चौथ्या दिवशी फोन.

"जाळी कापली गं."

"आप्पा, नवीकोरी होती ती!"

"बुलबुलाचा पाय अडकलता. सोडवूस्तोर माझाच जीव गेला."

मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. वीण विरळ पडून बिघडलेली, कुणीच न घेतलेली एक साडी घरात होती. ती फांदीला गुंडाळायची आणि मागावरच्या उरल्यासुरल्या सुतानं बांधायची.

"उजेड आत जातोय, चोच जात न्हाई. आनि सगळं फुकटात!"

पण बांधायचे एकच फांदी.

"बाकीचं त्यास्नी खाऊ दे की. ही येक तुझी. यंदा तरी येतीस न्हवं?"

"येईन हो. या वीकेंडला काम आहे, पुढच्या शनिवारी नक्की."

तुती काही पुढच्या शनिवारची वाट बघत नाही.

शेजारच्या आक्का नंतर म्हणाल्या, "तुती वाळून गळूस्तोर फांदी सोडायचे न्हाईत. मी म्हनलं, तुमी तरी खावा. तर म्हनले, पोरीची हाय."

गेल्या वर्षी फांदी बांधली आणि चार दिवसांत आप्पा झोपेतच गेले.

दहाव्याला आम्ही ताटकळत उभे. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना.

काका म्हणाले, "काय तरी इच्छा ऱ्हायलीया त्येंची. बोल गं काय तरी."

मी हात जोडले. "आप्पा, दरवर्षी तुती खायला येईन."

एकही कावळा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

माझं 'येईन' आप्पांना चांगलं ठाऊक होतं.

आज सकाळी कुलूप काढलं आणि थेट परसात गेले. झुडपावर बुलबुलांचा कल्ला. माझी फांदी मात्र तशीच बांधलेली. साडी उन्हापावसानं पार विटलीय, गाठ घट्ट. दहाव्याला ती सोडायचा धीर झाला नव्हता.

आज सोडली. नखं दुखली.

आत यंदाच्या काळ्याभोर तुती होत्या.

उभ्या उभ्याच खाल्ल्या. लई गोड. हे सांगायला फोन काढला, आप्पांचं नाव समोर आणलं आणि तशीच उभी राहिले. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

साडी परत बांधली नाही. उरलेल्या तुती बुलबुलांना ठेवल्या.

आप्पा, आलेय मी.
तुम्ही हवे होतात.