सात गुण कमी

मोटारींचं वायंडिंग करून देणाऱ्या मामाच्या दुकानात ती अठराव्या वर्षी बसायला लागली. जळालेले पंप, पंखे, लेथच्या मोटारी यायच्या. जुनी तार कापून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, नवी कॉइल बसवायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत वाळवायचं. चार वर्षांत तिचा हात इतका बसला की मामा गिऱ्हाइकाशी गप्पा मारत उभा असायचा आणि आत मोटार बांधून तयार. दुकानात तिला सगळे टेस्टर म्हणत. वीज बंद आहे असं मामाने शपथेवर सांगितलं, तरी टेस्टर लावून बघितल्याशिवाय ती तारेला हात लावत नसे.

सैन्यात जायचं तिच्या डोक्यात आलं ते एका जनरेटरमुळे. सैन्याच्या डेपोतून तो दुरुस्तीला आला, सोबत गणवेशातली एक तंत्रज्ञ बाई. वायंडिंग मामाच्या दुकानाने केलं, पण कंट्रोल पॅनेल त्या बाईने स्वतः उघडलं. समोर त्याच्या सर्किटचा नकाशा पसरला, मीटर लावला आणि दीड तासात बिघाड शोधून काढला. टेस्टर हातातलं काम सोडून बघत बसली. बाई गेल्यावर म्हणाली, "मामा, आपण फक्त तार गुंडाळतो. तिला आतलं सगळं कळतं."

"मग जा तिच्या मागे," मामा चेष्टेने म्हणाला.

ती खरंच गेली. भरती कार्यालयात अर्ज भरला, कलचाचणी दिली आणि आठवड्याने निकाल घेऊन आली. एकूण गुण एक्क्याऐंशी. मामाने दुकानात आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "शंभरातले फक्त एकोणीस चुकले." तिलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरती अधिकाऱ्यासमोर बसली तेव्हा छाती फुगलेलीच होती.

अधिकारी पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने गुणपत्रक वाचलं आणि म्हणाला, "छान आहेत. कार्यालयीन कारकुनाची जागा देता येईल. आज सही केलीत तर पुढच्याच तुकडीत."

"मला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीत जायचंय."

"त्याला पात्र नाही तुम्ही."

"एक्क्याऐंशी असून?"

अधिकाऱ्याने कागद फिरवून तिच्यापुढे केला. "हे एक्क्याऐंशी म्हणजे बरोबर आलेली उत्तरं नाहीत. शंभर जणांत एक्क्याऐंशी तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढंच. ह्या आकड्यावर सैन्याचं दार उघडतं. आत कुठली खोली मिळणार, ते खालच्या ओळींवर ठरतं." मग त्याने पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवर ठेवलं. दार उघडणारा आकडा भाषा आणि गणितावर निघतो. इलेक्ट्रॉनिक्सचा गट वेगळा: अंकगणित, बीजगणित, विज्ञान आणि वीज. चारही विषयांचे गुण मिळून त्यात एकशेदहा लागतात. तिचे एकशेतीन होते.

"सात गुण," ती म्हणाली.

"सात. विजेत उत्तम आहेत. गणिताने खाली ओढलंय. आणि एकूण आकडा वर गेलाय तो वाचनामुळे. म्हणून कारकून."

"कारकून म्हणून आत गेल्यावर बदलून मिळेल?"

"काहींना मिळतं. मी हमी देणार नाही."

ती उठली. "मग आज सही करत नाही. चाचणी परत कधी देता येईल?"

"महिन्याने. पण नवीन निकाल आला की जुना गेला. कमी आले तर कमीच धरणार."

"चालेल," ती म्हणाली, आणि गुणपत्रक घेऊन थेट आईकडे गेली.

आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून तिची नजर अशी झाली होती की दुकानाच्या पाट्याही ती बोट फिरवत वाचायची. लेकीचं वाचन चांगलं होतं ते तिच्यामुळेच. लहानपणी मुद्रितं वाचून दाखवायला बसवायची. आईने गुणपत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "गणित दहावीनंतर सोडलंस ना? तिथेच पाणी मुरलंय. काढ बाहेर."

टेस्टरने दहावीची पुस्तकं माळ्यावरून काढली. नुसती पुस्तकं घेऊन बसलं की तासाभरात डोळे मिटायचे. मग तिने दुकानातच शाळा काढली. मोटार उघडली की आधी कागदावर हिशोब करायचा: इतकी तार, इतकी जाडी, तर रोध किती यायला हवा. मग मीटर लावायचा. पहिल्या आठवड्यात कागद आणि मीटर यांचं एकमेकांशी पटेना.

"मोटार बांधतेस की परीक्षा घेतेस तिची?" मामा कुरकुरला. "गिऱ्हाईक दारात उभंय."

"दोन मिनिटं, मामा."

"तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत."

पण तिसऱ्या आठवड्यात आकडे जुळायला लागले, आणि मामाच कागद मागायला लागला, कारण त्यावरून तार नेमकी किती लागेल ते कळायचं. समीकरणं मात्र तिला छळत राहिली. आईने घड्याळ लावून रोज वीस गणितं सोडवून घेतली. स्वतः बीजगणितात कच्ची, पण पुस्तकामागच्या उत्तराशी ताडून बघायला तिला कुणाची मदत लागत नव्हती. "चिन्ह चुकलं," एवढंच म्हणायची आणि पुढे जायची.

महिना आणि वर चार दिवस झाल्यावर टेस्टरने पुन्हा चाचणी दिली. ह्या वेळी आई सुट्टी काढून सोबत आली होती. अधिकाऱ्याने निकालाचा कागद ठेवला. एकूण गुण अठ्ठ्याहत्तर.

"एकूण तीनने कमी झालेत," तो म्हणाला.

टेस्टरचं तिकडे लक्षच नव्हतं. ती थेट खालच्या ओळीवर गेली होती. एकशेबारा. तिने बोट ठेवलं आणि कागद आईकडे सरकवला.

आईची नजर आधी दुसऱ्याच ओळीवर गेली. "वाचनात पडलीस? माझ्या पोटी जन्म घेऊन?"

"गणितातून वेळच मिळाला नाही गं."

अधिकारी पहिल्यांदाच हसला. रंग ओळखण्याची चाचणी अर्जाच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत आधीच झाली होती. वायरींच्या कामाला ती लागते, आणि त्यात टेस्टर पास होती. त्याने करारपत्र पुढे केलं. टेस्टरने पेन उचललं, तेवढ्यात आईने कागद स्वतःकडे ओढला. ती सावकाश, ओळीखाली पट्टी धरून वाचत गेली. तिसऱ्या पानावर थांबली.

"इथे 'तांत्रिक विभाग' एवढंच लिहिलंय. तांत्रिक विभागात तर टायर बदलणाराही येतो."

"वरून येतं तसं छापून, ताई."

"वरून येऊ दे. कामाचं नाव आणि क्रमांक घाला, मग ती सही करेल."

अधिकाऱ्याने फोन लावला, चाळीस मिनिटं गेली. नव्या छापलेल्या पानावर पदाचं नाव आणि क्रमांक दोन्ही होते. आईने तेही वाचलं, एक स्वल्पविराम चुकलाय असं सांगितलं, पण तो सोडून दिला. टेस्टरने सही केली.

प्रशिक्षण पावणेदोन वर्षांचं होतं. पहिले तीन महिने धावण्यात आणि बूट घासण्यात गेले, पण नंतरच्या वर्गात तिची गाडी रुळावर आली. आता ती संदेशयंत्रांच्या दुरुस्ती विभागात आहे. रविवारी फोन येतो. मागच्या वेळी मामाने विचारलं, "मोटारी आठवतात का?"

"हातांना आठवतात," ती म्हणाली. "इथे चिमट्याने धरावं लागतं सगळं. ह्या आठवड्यात एक रेडिओ संच चार जणांनी भंगारात काढायला सांगितला होता. मी तीन दिवस बसले त्याच्याशी."

"आणि?"

"चालू झाला. उद्या परत पाठवतोय."

मामाने फोन आईकडे दिला आणि दुकानातल्या नव्या पोरीला सांगायला निघून गेला.