मी कठीण ठरवलेली भाषा

मुलांसाठीच्या हिंदी पुस्तकांची परीक्षणं मी एका मासिकात बरीच वर्षं लिहिते आहे. आमचं घर नदीकाठच्या मुन्शी घाटाजवळच्या गल्लीत; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी. शाळेतही मी हिंदीच शिकवते. मुलांसाठी मी स्वतः लिहिलेली कादंबरी मात्र दोन प्रकाशकांनी परत पाठवली होती. शाळेत कोणाला मी ते सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मासिकाकडून आलेल्या पाकिटात आमच्याच शाळेतल्या गणिताच्या बाईंचं पुस्तक निघालं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ‘दीदी’ म्हणणारी. तिने कधी चार ओळी लिहिल्याचंही मला ठाऊक नव्हतं.

होडी चालवायला शिकणारी नावाड्याची मुलगी, एवढीच गोष्ट. पण बाप तिच्या हाती वल्हं देतो आणि काळजी दिसू नये म्हणून तोंड फिरवून बसतो, तिथे मी थांबले आणि ते पान पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटून टाकलं. गणिताची बाई, आणि हे तिला सुचावं!

मी मिटलेलं पुस्तक माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने उचललं. माझं हस्तलिखित तिने तिसऱ्या प्रकरणातच सोडलं होतं. हे तिने जेवतानाही हातातून खाली ठेवलं नाही.

“आई, ये वाली बहुत मस्त है।”

“मराठीत बोल,” मी खेकसले.

परीक्षणात चित्रांचं भरभरून कौतुक केलं, कथेला दोन ओळी दिल्या आणि शेवटी लिहिलं, ‘भाषा मुलांना कठीण जाईल.’ ते खोटं होतं. लिहिताना मला ते पक्कं माहीत होतं.

अंक आल्यावर मधल्या सुट्टीत ती पुस्तक आणि पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली. “दीदी, जो शब्द कठिन लगे, निशान लगा दीजिए। दूसरे संस्करण में बदल दूँगी।”

मी पानं उलटत राहिले. एकाही शब्दावर पेन्सिल टेकवता येईना. शेवटी म्हणाले, “कठिन कुछ नहीं है। मैं जल गई थी।”

ती हसेल, नाहीतर रागावेल, असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “चार पन्ने तो मैं बदलकर भेज भी चुकी।”

तिथूनच तिने प्रकाशकाला फोन केला. दुसऱ्या आवृत्तीची पानं अजून छापायला गेली नव्हती; जुना मजकूर राहिला. मी संपादकांना दुरुस्ती छापण्याची विनंती केली. छापलेलं परीक्षण आम्ही बदलत नाही, असं त्यांनी कळवलं.

चहा आम्ही अजून एकत्र पितो. तिची दुसरी कादंबरी लिहून होत आली आहे, असं मला मुख्याध्यापिकांकडून कळलं. त्यांनी ते हस्तलिखित वाचलंसुद्धा आहे. ती मुख्याध्यापिकांशी हळू आवाजात बोलताना दिसली की माझं तपासणीच्या वह्यांतलं लक्ष उडतं.