लागण झाली, सायेब

त्या श्रावणात आमच्या कुलदैवताचं, पालीच्या खंडोबाचं देऊळ बंद होतं. साथीमुळे सगळीच देवळं बंद होती, हे मला कळत होतं. तरी रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या देवाच्या टाकांपुढे उभा राहिलो की मनात यायचं, देवा, तूही दार लावून बसलास का?  मग भंडारा कपाळाला लावायचो आणि दवाखान्याकडे निघायचो.

कराडमधल्या एका दवाखान्याचा मी व्यवस्थापक. रोग्याला हात लावण्याचं काम माझं नव्हे. मास्क, हातमोजे, अंगभर घालायचे ते पांढरे पोशाख वेळेवर आणायचे, पाळ्या लावायच्या, आणि वरून आलेली माहिती खालपर्यंत पोचवायची, एवढंच माझ्याकडे. यातलं शेवटचं काम मी माझ्या पद्धतीनं करत होतो. माणसं घाबरतील असं काही सांगायचं नाही. मास्क संपत आले तरी 'येतायत, येतायत' म्हणायचं. याला मी धीर देणं म्हणत असे. स्वतःच्या भित्रेपणाला माणूस किती चांगली नावं देतो!

त्या दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. आमच्याकडे एक्स-रे काढणाऱ्या दिलीपचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. त्याला सकाळीच ताप आल्यानं वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, पण इतरांना साधा ताप असंच सांगितलेलं. मी मोठ्या डॉक्टरांना कळवलं. ते थकलेले होते. म्हणाले, "आज बोलू नका कुणाला. निम्मा स्टाफ घरी पळाला तर आतल्या पेशंटना कोण बघणार? उद्या ठरवू." मी "बरं" म्हणालो. मला वाईट वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात सुटल्यासारखं वाटलं. उद्यापर्यंत कुणाच्या डोळ्यांत बघायची गरज नव्हती.

पण सुरेखा सिस्टर दारात उभ्या होत्या. आटपाडीकडच्या, मूळ मेंढपाळाच्या घरातल्या. नोकरीसाठी इथल्या वसतिगृहात राहणाऱ्या. मुलगी रांगायला लागली ती त्यांनी मोबाइलवरच पाहिली होती. ती गावी सासूजवळ होती, आणि सासूबाईंना दम्याचा त्रास. मोठ्या मिनतवारीनं सुट्टी मिळाली होती, गाडी फाटकाशी उभी होती, प्रवासाच्या पासवर फक्त माझी सही राहिली होती. आणि मला माहीत होतं की आदल्या दिवशी सुरेखा सिस्टर आणि दिलीप एकाच बाकावर, मास्क उतरवून, एका डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाटून जेवले होते.

"सर, तेवढी सही. पोरगी ओळखते का बघू आता मला," त्या हसत म्हणाल्या.

मी पेन उघडलं. कशासाठीही थांबलो नसतो, हे आज कबूल करतो. मनात म्हणतही होतो, कदाचित सिस्टरना काही झालेलं नसेल. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे एक म्हातारा आवाज, शेतातून बोलावं तसा मोठा. इतका, की सिस्टरनाही स्पष्ट ऐकू येत होतं.

"लागण झाली बरं का, सायेब!"

 बातमी फुटली कुठून? "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगायचं? म्याच केली की!"

"तुम्ही केली?"

"मी, म्हातारी आन् दोन्ही सुना. सकाळधरनं वाकलोय. वरचं वावार समदं झालं, आता पाणी सोडतोय. तुमी नोंद कवा घेताय ते बोला!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे ऊस लावण्याला लागण म्हणतात. मी या भागातच जन्मलो, उसाच्या सरीत खेळलो, आणि त्या साथीनं हा शब्द माझ्या कानातून पार पळवला होता. म्हाताऱ्याला कारखान्याचा चिटबॉय हवा होता, लागणीची तारीख नोंदवून घेणारा. "आजोबा, हा दवाखाना आहे. चुकीचा नंबर लागला तुम्हाला."

"दवाखाना?" आवाज जरा उतरला. "मग ऱ्हायलं. पर सायेब, कुणाला का आसंना, लागणीची खबर येळंवर द्यावी बगा. मागल्या खेपंला आमच्या चिटबॉयनं दडवली, आन् तोडणी लांबून उभा ऊस वाळला आमचा. दडवणाऱ्याचं काय जातंय?"

फोन बंद झाला. सुरेखा सिस्टर तोंडावर हात घेऊन हसत होत्या. माझं पेन पासवर टेकलं होतं, शाईचा एक ठिपका पडून पसरत होता. मी पेन उचलून बाजूला ठेवलं.

"सिस्टर," मी म्हणालो, "आपल्याकडंही लागण झालीय."

"म्हणजे? तुम्हीपण ऊस लावला का?"

"दिलीपचा रिपोर्ट आला."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू क्षणभर तसंच राहिलं, जायचं कुठे ते न कळल्यासारखं. मग त्यांनी टेबलावरचा पास स्वतःच उचलला, घडी घातली आणि बाहेर जाऊन गाडीवाल्याला परत पाठवलं. 

मोठ्या डॉक्टरांना मी सांगितलं, "मी आता सगळ्यांना सांगणार आहे." ते चिडले. मी ऐकलं नाही. ज्यानं ऐकलं नाही तो मीच होतो का, हा प्रश्न मला अजून पडतो, कारण इतकी वर्षं मी प्रत्येकाचं ऐकत आलो होतो. पार्किंगच्या शेडमध्ये अंतर राखून सगळे उभे राहिले. दिलीपचं सांगितलं, मास्क किती दिवस पुरतील तेही सांगितलं, आणि खाली मान घालून उभा राहिलो. आता पळतील, असं वाटलं.

फरशी पुसणाऱ्या हौसामावशी पुढे झाल्या. "आवं, आमच्या गल्लीत म्हस व्याली तरी साऱ्यास्नी कळतंय. हितं माणूस पडलं, आन् आमास्नी न्हाई? एकट्यानंच तळी उचलाया निघाला व्हता व्हय?"

फाटकावरचे फौजी, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, म्हणाले, "मावशे, ऱ्हाऊ दे गं. सायेब, गोळी कुठनं येतीया त्ये जवानाला आधी सांगत्यात. सांगितल्यावर कोण पळत न्हाई. न सांगितल्यावर पळतंय."

मावशींचं बोलणं टोमणा होता, पण मला आरपार गेलं. खंडोबाची तळी म्हणजे भंडारा, विड्याची पानं, खोबरं ठेवलेलं ताट. ते कधी एकट्यानं उचलत नाहीत. पाच जण भोवती बसतात, सगळ्यांचे हात ताटाला लागतात, तेव्हा येळकोट होतो. लहानपणापासून उचलत आलो, पण असं का, हे कधी विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी दिलीपबरोबर कोण जेवलं, कोण चहाला होतं, हे माणसांनी आपण होऊन सांगितलं. त्यांना वेगळं केलं, तपासण्या झाल्या. जेवणाच्या पाळ्या सुट्या लावल्या. एक जण घाबरून घरी गेला, त्याला मी बोल लावत नाही. बाकीचे राहिले. पुढे रोज पाळी बदलताना शेडमध्ये जमायचं ठरलं: कोण आजारी, कोण सुधारलं, काय संपत आलं, सगळं उघड. त्याला कुणी 'मीटिंग' म्हणत नसे. "तळीला चला रं," अशी फौजी हाक द्यायचे. मोठे डॉक्टर पहिले दोन दिवस आले नाहीत. नंतर येऊन सगळ्यांत मागे उभे राहू लागले.

सुरेखा सिस्टरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. चार-सहा दिवस त्यांना फार धाप लागली. त्या दिवसांत टाकांपुढे मी काहीच मागितलं नाही, मागायचं तोंड नव्हतं. नुसता उभा राहायचो. त्या बऱ्या झाल्या. दिलीपही. सिस्टर कामावर रुजू झाल्या त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, "सर, खरं सांगा. फोन आला नसता तर सही केली असती ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मग त्या आजोबांना जाऊन भेटा एकदा," एवढंच बोलल्या.

वाटा खुल्या झाल्यावर गेलो. तो नंबर फोनमध्ये होताच. इस्लामपूरच्या पुढचं गाव. ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि म्हातारा बांधावर बसला होता. सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

"गंमत हाय की. चिटबॉयचा नंबर मला तोंडपाठ. कैक वर्सं लावतोय. त्या दिशी बोट कुठं घसरलं, कुणाला ठावं!"

"आणि तुमची नोंद?"

"ती ऱ्हायलीच की! फोन ठेवला आन् इसारलो. चार-आठ दिस मागं पडलो."

माझ्यामुळं, असं म्हणून मी हात जोडायला लागलो, तर त्यानं ते धरून खाली केले. "आवं, चार-आठ दिसांच्या उशिरानं ऊस मरत न्हाई, सायेब."

 उसाच्या पात्यांचा आवाज तेवढा येत होता.

त्याचं बोट का घसरलं, ते मला आजही ठाऊक नाही. चूक असेल. चुका रोज होतात. पण रोजच्या इतक्या चुकांतली ती एक, त्याच घटकेला, त्याच शब्दासह माझ्या टेबलावर का यावी, याचं नवल मी उराशी धरून आहे. ते कुणाला पटवायला मी जात नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, एवढंच मी समजत होतो. मुठीत घट्ट धरलेलं उघडून दाखवणं, आणि मग जे होईल त्याला हो म्हणणं, हे त्यातलं अवघड अंग मला त्या फोननं शिकवलं.

देऊळ उघडल्यावर आम्ही पालीला गेलो. सुरेखा सिस्टर, त्यांचा नवरा, कडेवर मुलगी, हौसामावशी, फौजी आणि मी. ताट मांडलं. पूर्वी मी पुढे सरसावून पहिला हात लावायचो. त्या दिवशी सगळ्यांचे हात लागेपर्यंत थांबलो. मग मावशी म्हणाल्या, "लावा की आता, सायेब. तुमच्यावाचून अडलंय." मी हात लावला, आणि ताट उचललं गेलं.