लेकीच्या कपाळावर

बाजाची पेटी तयार झाली की तो तिच्या झाकणाला कान लावायचा, बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "बोल बाई, आता तू बोल."

सांगलीत माझ्या शिलाईच्या दुकानाला भिंत लावून त्याचं दुकान होतं. सत्तरनंतरची ती वर्षं. कोरेगावकडचे भजनी जड पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडत. त्यांच्या अवघडलेल्या माना बघून यानं घडीची पेटी काढली. मिटली की सायकलच्या कॅरिअरवर मावायची, उघडली की झाकणाचीच बैठक व्हायची. त्यापायी त्यानं किती लाकूड वाया घालवलं आणि बायकोची किती बोलणी खाल्ली, ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. तुम्हीही ती पेटी ऐकली असेल, पण नाव दुसऱ्याचंच ऐकलं असेल.

"नाव घाल की रं तिच्यावर," मी म्हणायचो.

"लेकीच्या कपाळावर बापाचं नाव गोंदत्यात व्हय? सूरच सांगंल, कुनाची हाय ती."

पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं पहिल्या सगळ्या पेट्या उचलल्या आणि त्यांवर स्वतःच्या नावाची पितळी पट्टी ठोकली. पुढं तशाच पेट्या तो कारखान्यात काढायला लागला.

"लेकीला सासरचं नाव लागलं गड्या," हा हसून म्हणाला. मला त्याच्या हसण्याचाच राग आला.

मग एक गिऱ्हाईक आलं. पेटी उलटीसुलटी करून म्हणालं, "नक्कल लय झ्याक केलीया तुमी. पर आमाला असली पायजे."

"आवं, मीच काढलीया ही!"

"समदे असंच म्हनत्यात."

त्या दिवशी त्यानं दुकान दुपारीच बंद केलं. पुढं हट्टानं स्वतःच्या नावाची पट्टी करून घेतली. लोक ती वाचायचे आणि पेटी खाली ठेवायचे. शेवटी त्याच्याकडं दुरुस्तीच तेवढी उरली, तीही त्या व्यापाऱ्याच्या पेट्यांची. पोटासाठी तो त्या करत राहिला, पण झाकणाला कान लावायचं त्यानं सोडलं. दुसऱ्याची कला चोरून लोक मोठे होतात, हे मला त्याच्यामुळं कळलं आणि ते अजून पचलेलं नाही.

तो गेला. तेराव्याला दारात भजन ठेवलं. बुवांनी घडीची पेटी उघडून पहिला सूर धरला, तशी त्याची बायको आतून उंबऱ्यापाशी आली.

"ही त्यांच्या हातची हाय," ती म्हणाली.

"न्हाई वैनी, असली हाय," बुवा म्हणाले आणि पितळी पट्टीवर बोट ठेवून त्यांनी पुण्याचं नाव तिला वाचून दाखवलं.